शंभर रुपयांची कपात

गृह खातं म्हणजे घरं देणारं खातं, असं समजून आमच्या आमदारांच्या कार्यालयात आलेली माणसं मी कितीतरी बघितली. त्यातले एक आजोबा अजून डोळ्यासमोर आहेत. कन्नड तालुक्यातल्या एका वस्तीवरून आले होते. हातात घरकुलाचा अर्ज, आणि वर कुणाकडून तरी लिहून आणलेलं, 'माननीय गृहमंत्री महोदय'. मी म्हणालो, आजोबा, गृह म्हणजे पोलिसांचं खातं, घरकुल दुसरीकडं मिळतं. त्यांनी अर्जाची घडी घातली, माझ्याकडं नीट बघितलं आणि विचारलं, "खातं पोलिसाचं अन् नाव घराचं? असं कोन ठिवलं?" त्यांना चहा पाजला आणि पंचायत समितीतल्या ओळखीच्या साहेबांना फोन लावून दिला.

मी साळवे. आमदारांचा स्वीय सहायक होतो, म्हणजे लोकांच्या तोंडी पीए. मूळचा जिल्हा परिषदेचा नोकर, तिथून आमदारांकडं उसनवारीवर गेलो. सरकारी भाषेत हा शब्द खरंच आहे बरं का. उसनं घेतलेलं पातेलं शेजारणीकडंच राहून जावं तसा मी आमच्या नानांकडंच राहून गेलो, थेट निवृत्तीपर्यंत. नाना म्हणजे आमचे आमदार. पक्ष कोणता ते विचारू नका. निवृत्तीनंतर मला दोन्हीकडच्या लग्नांना जायचं असतं.

संपादकांनी सांगितलंय की नोकरीतला एखादा अनुभव लिहा, फार तत्त्वज्ञान नको. मी फुशारकी मारणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो. पीएच्या हाताला यश फार क्वचित लागतं, आणि लागलं तरी फोटोत आमदार असतो. आमचं डोकं त्या फोटोत कुणाच्या तरी फेट्यामागं असतं. एकदाच असं झालं की मी फोटोत नव्हतो तरी मला त्याचं काहीच वाटलं नाही. ती गोष्ट सांगतो.

आधी हा धंदा काय असतो ते बघा. लोकांना वाटतं पीए म्हणजे फोन उचलणारा आणि साहेब बैठकीत आहेत असं सांगणारा. ते तर आहेच. लग्नसराईत एका दिवसात किती मांडवांना तोंड दाखवायचं आणि कुठं जेवायचं, कुठं नुसतं पान खायचं, हे ठरवणं हे माझंच काम. ज्या मांडवात नाना जेवले नाहीत तिथली मतं गेली असं धरून चालायचं. कार्यालयात येणारी माणसंही एकेक नमुना. एक सरपंच सलग दोन वर्षं यायचे, गावात पोलीस चौकी पाहिजे म्हणून. मी पाठपुरावा करून फाईल जरा पुढं सरकवली, तर एक दिवस दार लावून घेऊन हळूच म्हणाले, चौकी द्या, पण पोलीस नका देऊ. चौकी आली की रस्त्याकडच्या प्लॉटला भाव येतो, पोलीस आले की लोक बिचकतात. मी म्हणालो, मग नुसता बोर्ड लावून देऊ का? त्यांना ती कल्पना पसंत पडली. निघताना बोर्ड कुठून रंगवून घ्यायचा तेही विचारून गेले.

पण खरं काम सभागृहाचं. अधिवेशन आलं की आम्ही पीए लोक परीक्षेला बसल्यासारखे राबतो. प्रश्न पाठवायचे, लक्षवेधी पाठवायची, भाषणाचे मुद्दे काढायचे. आणि मार्चमध्ये अर्थसंकल्प आला की कपात सूचना. ही कपात सूचना काय असते ते समजून घ्या, कारण पुढची सगळी भानगड तिच्यापायी झाली.

सरकारला पैसा खर्च करायचा तर तो सभागृहाकडं मागावा लागतो. याला म्हणतात मागणी. आपण रस्त्यावर मागण्या करतो, तिथं सरकारच मागणी करतं. गृह विभागाची मागणी म्हणजे पोलीस, तुरुंग, होमगार्ड, राज्याच्या अंतर्गत सुरक्षेला लागणारा सगळा पैसा. आता एखाद्या आमदाराला वाटलं की या पैशाचा वाटा आपल्या भागाला नीट मिळत नाही, तर त्यानं बोलायचं कसं? तर असं लिहून द्यायचं, की 'ही मागणी शंभर रुपयांनी कमी करण्यात यावी', आणि खाली आपली तक्रार. शंभर रुपये कमी व्हावेत असं कुणालाच वाटत नसतं. हजारो कोटींत शंभर रुपये काय दिसणार? ती नुसती बोट वर करण्याची रीत आहे. वाढवून मागायची सोय नाही, कारण सभागृहाला पैसा कमी करता येतो, वाढवता येत नाही. म्हणून ज्याला जास्त पाहिजे त्यानं कमी करा म्हणायचं. मला या रीतीची इतकी सवय झाली होती की त्यात काही उलटं आहे, हे कित्येक वर्षांत जाणवलंच नव्हतं.

नाना तेव्हा विरोधी बाकांवर होते. त्या वर्षी आमच्याकडं एक गंभीर गोष्ट आली. होमगार्ड म्हणजे स्वयंसेवक. पगार नाही. आठवड्याला कवायत, आणि सण, यात्रा, निवडणूक, परीक्षा असली की पोलिसांच्या मदतीला बंदोबस्त. जितके दिवस बोलावतील तितक्या दिवसांचं मानधन. देवगाव रंगारीच्या बाजूला बायकांची एक पलटण होती, तीसेक जणींची. कुणी शिवणकाम करणारी, कुणी शेतात निंदणी-खुरपणी करणारी, कुणी अंगणवाडीत मदतनीस. वर असा विचार चालला होता की पैसा पुरत नाही, तेव्हा खेड्यापाड्यातली अशी पथकं बंद करून शहरातल्या पथकात मिळवून टाकावीत. कागदावर बंद नाहीच, नुसतं विलीनीकरण. पण देवगावच्या बाईनं दर आठवड्याला पदरचं भाडं भरून कवायतीला शहरात यायचं, तर पलटण दोन महिन्यांत आपोआप संपली असती.

त्या पलटणीच्या नायक कावेरी सोनवणे. चाळिशीच्या आतबाहेरच्या, उंच, बोलायला कडक. त्यांच्या गावात त्यांनी खाकी घातली त्या वर्षापासून एक गोष्ट बदलली होती, आणि ती मला तिथल्या ठाण्याच्या जमादारानंच सांगितली. आधी नवऱ्यानं मारलं तरी बाई ठाण्याची पायरी चढायची नाही. पुरुषांच्या घोळक्यात उभं राहून काय सांगणार? आता ती आधी कावेरीताईंच्या घरी जायची, आणि कावेरीताई वर्दी चढवून तिच्याबरोबर ठाण्यात जायच्या. नुसत्या शेजारी बसायच्या. तेवढ्यानं तक्रार लिहून घेतली जायची. आसपासच्या सात-आठ गावांतल्या बायांसाठी ही पलटण म्हणजे ठाण्याचं दार होतं. ते दार बंद होणार होतं.

कावेरीताईंचं निवेदन मी नानांपुढं ठेवलं. नाना म्हणाले, साळवे, कपात सूचना टाका. मी टाकली. मसुदा असा झकास झाला होता की मीच तो दोनदा वाचला. गृह विभागाची मागणी शंभर रुपयांनी कमी करण्यात यावी, कारण ग्रामीण महिला होमगार्ड पथकं बंद करण्याचा विचार रद्द करण्याची आवश्यकता. मग नेहमीप्रमाणे त्याचं एक छोटं प्रसिद्धिपत्रक काढलं. तालुक्याच्या वार्ताहरानं त्यातलं अर्धंच उचललं, आणि मथळा दिला: होमगार्डच्या निधीत शंभर रुपयांची कपात करा, आमदारांची सूचना.

झालं. देवगावात तो पेपर सकाळी पोचला. तिथं लोकांनी अर्थ लावला की आमदार म्हणतात प्रत्येक होमगार्डच्या रोजच्या मानधनातून शंभर रुपये कापा. मला सांगा, यात त्यांची काय चूक होती?

शनिवार होता. नाना अधिवेशनातून सुट्टीला घरी आलेले, शहरातल्या उस्मानपुऱ्यातल्या कार्यालयात लोक भेटायला बसलेले. खिडकीतून मला दिसलं, समोरच्या रस्त्यावर दोन जीपा थांबल्या आणि त्यांतून बायका उतरल्या. सगळ्या खाकीत. घोषणा नाहीत, फलक नाहीत. कावेरीताईंनी हुकूम दिला, आणि तीन रांगा करून त्या आमच्या दारासमोर सावधानमध्ये उभ्या राहिल्या. मोर्च्याला मी कधी घाबरलो नाही. मोर्चा ओरडतो, दमतो, चहा पितो, जातो. पण गप्प उभी असलेली पलटण बघून मी हातातला फोन खाली ठेवला. रस्त्यावरच्या रिक्षा आपोआप हळू झाल्या.

नानांना वाटलं, मानवंदना द्यायला आल्या. खरंच वाटलं त्यांना. त्यांनी कार्यकर्त्याला शाल आणायला पाठवलं, केसांवरून हात फिरवला आणि हसत हसत पायऱ्या उतरले. मी मागून त्यांचा सदरा ओढत होतो, पण आमदार एकदा हसत निघाला की थांबत नसतो. नानांनी पहिल्या रांगेसमोर जाऊन हात जोडले. एकीनंही सॅल्यूट केला नाही. कावेरीताई पुढं आल्या आणि अगदी शांत आवाजात म्हणाल्या, "नाना, आमचे शंभर रुपये काढून तुमच्या हाताला काय लागनार?"

नानांचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यांनी माझ्याकडं वळून बघितलं. कार्यकर्ता तेवढ्यात शाल घेऊन आला, आणि ती कुणाला द्यायची ते न कळून मला देऊन गेला.

सगळ्यांना आत घेतलं. खुर्च्या पुरेनात, तर त्या उभ्याच राहिल्या, म्हणून मग नानाही उभे राहिले, आणि नाना उभे म्हणून मीही. मी समजावून सांगायला लागलो. मागणी म्हणजे काय, कपात म्हणजे काय, शंभर रुपये नुसते नावाला कसे. माझं मलाच जाणवत होतं की मी जितकं सांगतोय तितका मी लबाड दिसतोय. त्यांच्यातली शबाना पठाण, वाळूजच्या कंपनीत पाळीवर जाणारी, हसून म्हणाली की साळवेसाब, हमारे यहाँ कंपनी में शंभर कम करो बोले तो शंभर कमच होते. कावेरीताई हसल्या नाहीत. त्यांनी एकेक गोष्ट खोदून विचारली. वाढवा असं का नाही लिहिलं? मी म्हणालो, तसं लिहिता येत नाही, सभागृहाला वाढवायचा अधिकार नाही. म्हणजे तुमाला फकस्त कमीच करता येतं? मी म्हणालो, हो. त्या नानांकडं बघून म्हणाल्या, मंग निवडून कशाला दिलं आमी तुमाला? कमी तर घरी सासूबी करते.

नानांना ते लागलं. खरं सांगतो, नाना वाईट माणूस नव्हे. भाषणाला मात्र कच्चे होते. सभागृहात उभे राहिले की आधी अध्यक्षांचे आभार, मग पक्षनेत्याचे आभार, मग मतदारसंघाचा इतिहास, आणि मुद्दा यायच्या आत वेळ संपल्याची घंटा व्हायची. हे सगळ्या जिल्ह्याला माहीत होतं, कावेरीताईंनाही माहीत होतं. नाना म्हणाले, "ताई, तुमी मुंबईला या. गॅलरीत बसा. मी काय बोलतो ते तुमच्या कानांनी ऐका. अन् नाय बोललो तर परत येऊन इथंच माझ्यासमोर पलटण उभी करा."

आता माझी धावपळ सुरू झाली. चर्चेत बोलणाऱ्यांच्या यादीत नानांचं नाव पार खाली होतं. चर्चेची वेळ ठरलेली असते. ती संपली की ज्यांचं बोलायचं राहिलं त्यांचं राहिलं, सगळ्या मागण्या धडाधड मताला टाकल्या जातात. म्हणजे नानांचा नंबर आलाच नसता, आणि पलटण शब्दही न बोलता बुडाली असती. अशा वेळी पीएच पीएच्या कामाला येतो. आमदार सभागृहात एकमेकांचे गळे धरतात, आणि आम्ही त्याच वेळी खाली कॅन्टीनमध्ये एका ताटात भजी खात असतो. कोकणातल्या एका आमदारांच्या पीएनं सांगितलं की त्याचे साहेब घसा बसल्यामुळं त्या दिवशी बोलू शकणार नाहीत, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मागणीवर बोलले तर बरं. मी तिथल्या तिथं अदलाबदल ठरवली, पक्षाच्या प्रतोदांकडून ती मान्य करून घेतली. नानांचं नाव वर आलं. त्या कोकणी माणसाच्या बसलेल्या घशाला मी आजही मनातल्या मनात हात जोडतो.

कावेरीताई आणि शबाना दोघीच आल्या. साड्या नेसून आल्या होत्या, वर्दीत नव्हत्या. मी गॅलरीचे नियम सांगितले: बोलायचं नाही, टाळी नाही, हात वर करायचा नाही, फोन बाहेर ठेवायचा. शबाना म्हणाली, ये तो परेड से भी कडक है. कावेरीताई रेलून न बसता ताठ बसल्या होत्या, आणि खाली बाकांवरचे आमदार एकमेकांशी गप्पा मारताना बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली होती. इकडं देवगावात बाकीच्या पलटणीनं अंगणवाडीत जमून मोबाइलवर सभागृहाचं कामकाज लावलं होतं.

नानांचं नाव पुकारलं गेलं. मी लिहून दिलेलं भाषण त्यांच्या हातात होतं. अंतर्गत सुरक्षेचं महत्त्व, होमगार्ड संघटनेचा इतिहास, सगळं होतं त्यात. मला माहीत होतं, आता आभार सुरू होणार. नानांनी कागद बघितला, मग वर गॅलरीकडं बघितलं. आणि कागद खिशात घातला.

"अध्यक्ष महोदय," ते म्हणाले, "शनिवारी माझ्याच माणसांनी मला माझ्याच दारात उभं करून घेतलं. कशामुळं? आपल्या या सभागृहाच्या भाषेमुळं."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. पेपरचा मथळा, तीन रांगा, शाल, सगळं. सत्काराची समजून आपण शाल मागवली होती, हे त्यांनी सांगितल्यावर सभागृह खळाळून हसलं. सत्ताधारी बाकांवरचेही हसले. गप्पा थांबल्या, माना वळल्या. कमी तर घरी सासूबी करते, हे त्यांनी जसंच्या तसं म्हणून दाखवलं तेव्हा अध्यक्षांनीही तोंडावर रुमाल धरला. मी कावेरीताईंकडं बघितलं. त्या हसत नव्हत्या, पण कपाळावरची आठी गेली होती.

हसू ओसरायच्या आत नानांचा आवाज खाली आला. म्हणाले, महोदय, या खात्याचं नाव गृह. घरावरून नाव ठेवलंय. घरात मार खाणाऱ्या बाईला ठाण्याच्या पायरीपर्यंत हाताला धरून नेणारं कुणी आमच्या भागात असेल, तर त्या या तीस बाया आहेत. सरकारची अंतर्गत सुरक्षा सीमेच्या आत सुरू होते, या बायांची उंबऱ्याच्या आत सुरू होते. ती बंद करून किती पैसा वाचणार, ते मंत्र्यांनी सांगावं, आणि तो वाचवून कुणाच्या सुरक्षेवर खर्च करणार, तेही सांगावं. मग घंटा वाजली. नानांना घंटेची सवय होती, ते खाली बसायलाच निघाले. तेवढ्यात समोरच्या बाकांवरून, सत्ताधारी बाजूच्या एका ज्येष्ठ सदस्यांनी बसल्याजागी म्हटलं, बोलू द्या त्यांना. नाना परत सरळ झाले आणि एकच वाक्य बोलले: "बोलायचं झालं, महोदय. आता ऐकायचंय."

माझ्या सगळ्या नोकरीत मी नानांना इतकी भाषणं लिहून दिली. त्यांतलं एकही या भाषणाच्या जवळ जाणारं नव्हतं, आणि यातला एक शब्दही माझा नव्हता. मला त्याचा इतका आनंद झाला की डोळे भरून आले. गॅलरीत डोळे पुसायला बंदी नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

मंत्री उत्तराला उभे राहिले. इतर मुद्द्यांना उत्तरं दिली, आणि शेवटी नानांकडं वळले. म्हणाले, सन्माननीय सदस्यांच्या मतदारसंघातल्या भगिनींनी शंभर रुपयांचा धसका घेतला, तो मी समजू शकतो. शंभर रुपये मी कापत नाही. ग्रामीण महिला पथकं आहेत तिथंच राहतील, त्यांच्या कवायतीसाठी आणि बंदोबस्तासाठी लागणारी तरतूद केली जाईल, असं मी सभागृहाला आश्वासन देतो. बाकं वाजली. दोन्हीकडची वाजली.

पुढचं आधीच सांगून टाकतो, कारण मला ही गोष्ट कागदोपत्री संपवायची नाही. सभागृहात दिलेलं आश्वासन हवेत जात नाही, त्याचा पाठपुरावा करता येतो, आणि तो मी पदर खोचून केला. आदेश निघाला. पलटण राहिली, अजून आहे. पुढच्या वर्षी पैठणच्या नाथषष्ठीला नदीकाठच्या गर्दीत त्यांचाच बंदोबस्त होता. मनाला एक गोष्ट मात्र टोचते. त्या बायका आजही स्वयंसेवकच आहेत. बोलावलं त्या दिवसाचं मानधन, नाही बोलावलं तर काही नाही. त्यांना कायम करा असं म्हणायला नाना अनेकदा उभे राहिले, ते काम आमच्या हातून झालं नाही. ते पुढच्या कुणाच्या तरी हातून व्हावं.

तर त्या दुपारकडं परत येतो. मंत्र्यांचं उत्तर संपलं आणि अध्यक्षांनी नेहमीप्रमाणे विचारलं, सन्माननीय सदस्य आपली कपात सूचना मागे घेत आहेत काय? नाना उठले आणि म्हणाले, "मागे घेतो." आणि बसले.

कावेरीताईंनी झटक्यात माझ्याकडं बघितलं. हे मी त्यांना सांगायचं विसरलो होतो. त्या पुटपुटल्या, मागं घेतली? मी तोंड उघडलं तर गॅलरीतल्या सुरक्षारक्षकानं ओठांवर बोट ठेवलं. मी दोन्ही हातांनी खुणा करायला लागलो, की चांगलं झालं, जिंकलो. पण मागे घेणं म्हणजे जिंकणं, याची खूण जगात कुणी केली असेल तर मला दाखवा. शबाना माझ्या हातांकडं बघून घाबरली, तिला वाटलं मला काहीतरी होतंय.

आम्ही बाहेर आलो. त्यांनी ठेवलेले फोन परत घेतले, तर कावेरीताईंचा फोन वाजतच होता. देवगाव. पलीकडून इतक्या जणी एकदम बोलत होत्या की चार हात लांबून मला ऐकू येत होतं. आमदारांनी माघार घेतली, आपण बघितलं, सगळ्यांनी बघितलं, मोबाइलवर बघितलं. कावेरीताईंनी फोनवर हात ठेवला आणि मला एवढंच विचारलं, "साळवे भाऊ, झटकन सांगा. मागं का घेतली?"

मी नियम सांगायला सुरुवात केली. त्यांनी मान हलवली. मग मी नियम सोडून दिला आणि म्हणालो, ताई, जे पाहिजे होतं ते मंत्र्यांनी सगळ्यांसमोर दिलं. दिल्यावरही धरून बसलो असतो तर मतदान झालं असतं, आपण पडलो असतो, आणि दिलेला शब्द हलका झाला असता. मिळालं की सोडायचं, अशी रीत आहे.

मग त्यांचा सगळा चेहरा असा उजळला, की मी तो आजवर विसरलो नाही. फोन कानाला लावून त्या म्हणाल्या, "अगं, गप बसा जरा. लग्नात नवरदेव रुसून बसतो का नाय? तो काय लग्न मोडायला रुसतो का? तसं आहे हे. नाना रुसले, मंत्र्यानं भर मांडवात कबूल केलं, नाना उठले. आता उठायचं नाय तर काय मांडवातच बसून ऱ्हायचं?"

पलीकडं कुणीतरी खुसूखुसू हसलं, आणि ते हसू सगळ्या अंगणवाडीत पसरलेलं फोनमधून ऐकू आलं. मी इतकी वर्षं ज्या गोष्टीवर पानंच्या पानं लिहिली, ती तिथं उभ्या उभ्या संपली होती. नाना जिन्यावरून घाम पुसत खाली येत होते, त्यांनी दुरूनच मला हातानं विचारलं, काय झालं?

मी सांगायच्या आत फोनमधून एका बाईचा आवाज आला, अगदी स्वच्छ, "मंग नवरदेवाला काय भेटलं, ताई?"

कावेरीताईंनी समोरून येणाऱ्या नानांकडं बघितलं, टाचा जुळवल्या, साडीतच त्यांना कडक सॅल्यूट ठोकला, आणि फोनमध्ये म्हणाल्या, "आपली पलटण."